हिरवळीखालची जमीन

शहराच्या वेशीवर लागणाऱ्या गृहप्रकल्पांच्या फलकांवर हल्ली घर शोधावे लागते. झाडे, पाणी, पाखरे, धुक्यातली टेकडी असे सगळे असते आणि कोपऱ्यात कुठेतरी एक उंच मनोरा. माणसांना झाडांजवळ राहायचे आहे ही ओढ खरी आहे, तिला कमी लेखण्याचे काही कारण नाही. अमेरिकेतले संशोधक रॉजर उलरिच यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरचे रुग्ण तपासले होते. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते समोर विटांची भिंत असलेल्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. झाड डोळ्यांसमोर असणे ही माणसाची गरजच आहे. म्हणूनच ही गरज भागवतो असे सांगून जे विकले जाते, ते नीट तपासले पाहिजे. इमारत निसर्गाशी जुळली की नाही हे तिच्या अंगावर किती हिरवे आहे यावरून ठरवूच नये, असे माझे ठाम मत आहे. तिच्या पायाशी किती जमीन मोकळी उरली, पडलेला पाऊस कुठे गेला, वारा कुठून शिरतो आणि सावलीत कोणाला बसता येते, यावरून ते ठरवावे.

फलकावरच्या त्या बागेचा उभा छेद घेऊन पाहू. सर्वांत वर लॉन. त्याखाली फूट-दीड फूट माती. झाडासाठी मुद्दाम उंचवटा केला असेल तर तीन-चार फूट. मातीखाली पाणी वाहून नेणारा थर, त्याखाली वॉटरप्रूफिंग, त्याखाली काँक्रीटचा स्लॅब. स्लॅबखाली गाड्या, त्यांच्याखाली पुन्हा गाड्या. तळघर प्लॉटच्या हद्दीपर्यंत खोदलेले असेल तर खरी जमीन त्याच्याही खाली लागते. या मातीत वड, चिंच किंवा आंबा लावायची कोणाची छाती होत नाही, कारण मुळे वॉटरप्रूफिंग फोडतील आणि खालच्या गाड्यांवर पाणी गळेल. म्हणून पाम, बांबू, चाफा. पावसाळ्यात या बागेवर पडलेले पाणी काही मिनिटांत पाइपातून रस्त्याच्या गटारात जाते. शेजारच्या प्लॉटचेही त्याच वेळी येते, पलीकडच्याचेही येते. गटार तुंबते, रस्त्यावर गुडघाभर पाणी साचते आणि खालच्या अंगाला असलेल्या वस्तीत शिरते. मग एप्रिल-मेमध्ये त्याच हिरवळीसाठी टँकर मागवला जातो. ही बाग नजरेला सुखावते, मुलांना खेळायला जागा देते, हे मान्य. पण जमीन म्हणून जमिनीने करायचे एकही काम ती करत नाही.

मुंबईत हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. नियमानुसार सोडायची मनोरंजनाची मोकळी जागा पोडियमवर, म्हणजे गाड्यांच्या मजल्यांवरच्या अशा स्लॅबवर, दाखवली तर चालेल का, असा प्रश्न होता. डिसेंबर २०१३ मध्ये न्यायालयाने सांगितले की, सक्तीची किमान मोकळी जागा जमिनीच्या पातळीवरच असली पाहिजे. पोडियमवर बाग करायचीच तर ती त्याशिवायची. वास्तुरचनेवरच्या आपल्याकडच्या चर्चेत या निकालाचा उल्लेख फार कमी होतो. मला तो कोणत्याही पुरस्कारप्राप्त इमारतीइतकाच महत्त्वाचा वाटतो. गच्चीवर, गाड्यांच्या डोक्यावर अंथरलेली माती आणि पायाखालची माती यांत कायद्याने फरक केला पाहिजे, हे निदान एकदा तरी स्वच्छ शब्दांत सांगितले गेले.

हा फरक आपल्या घरबांधणीला नवा नाही. कोकणातले जुने घर पाहावे. जांभ्याच्या भिंती, उतरते कौलारू छप्पर, पागोळ्या पडतात त्या रेषेत दगडगोट्यांचा चर, पुढे सारवलेले अंगण आणि त्याला बागेकडे जाणारा हलका उतार. न्हाणीचे पाणी अळूला आणि केळीला. अंगणात उन्हाळ्यात झावळ्यांचा माटव चढतो आणि पावसाआधी उतरतो. मला त्यातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते तो गडगा. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड रचून केलेले कंबरभर उंचीचे कुंपण. त्याच्या फटींतून डोंगरउताराचे पाणी पलीकडे जाते, मुंगूस जाते, सरडे जातात. जून सरता सरता दगड शेवाळतात आणि फटींतून नेचे वर येतात. हद्दही राहते आणि पाण्याची वाटही. आता त्याच जागी सिमेंटमध्ये बांधलेली सलग कंपाउंडची भिंत येते. ती उतारावरचे पाणी अडवते, तिच्यामागे माती फुगते, आणि जोराच्या पावसात ती एक दिवस आडवी होते. लोक पावसाला दोष देतात.

त्या घरांचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता येत नाही. त्याच अंगणात कोणी कुठवर यायचे, विहिरीला कोणी हात लावायचा, याचे नियम क्रूर होते. पाण्याला वाट देणारे घर माणसाला वाट देत होतेच असे नाही. म्हणून मागे जाण्याची भाषा मी करणार नाही. बांधणीतली अक्कल घ्यावी, ती कोणाच्या वाट्याला येते हे मात्र नव्याने ठरवावे.

आज हिरव्या इमारतीचा नमुना म्हणून जगभर ज्याचे छायाचित्र दाखवले जाते ते मिलानमधले ‘बॉस्को व्हर्टिकाले’, म्हणजे स्टेफानो बोएरी यांचे २०१४ साली पूर्ण झालेले दोन निवासी मनोरे. त्यांच्या सज्ज्यांवर शेकडो झाडे आहेत, हजारो झुडपे आहेत. त्यामागचे कष्ट खरे आहेत. कोणत्या दिशेला कोणते झाड तगेल याचा वनस्पतितज्ज्ञांनी विचार केला, झाडे वाऱ्यात उन्मळणार नाहीत याच्या चाचण्या झाल्या, ओली माती आणि वाढते खोड पेलतील असे भक्कम सज्जे केले. छाटणीसाठी माळी गच्चीवरून दोरांनी खाली उतरतात. हे सगळे पाहून आदर वाटतो आणि लगेच मनात येते की इतके सगळे करावे लागते, ते झाड नको तिथे नेल्यामुळे. जमिनीतल्या झाडाची निम्मी देखभाल पाऊस आणि माती आपसूक करतात. विसाव्या मजल्यावर ती सगळी माणसाला करावी लागते आणि त्याचे पैसे मोजू शकणारा रहिवासी लागतो. चीनमधल्या चेंगदू शहरात २०१८ साली अशाच धर्तीवर आठ मनोरे झाले. ८२६ सदनिका होत्या. २०२० च्या सप्टेंबरात बातम्या आल्या तेव्हा जेमतेम दहा कुटुंबे राहायला आली होती. सज्ज्यांवरची झाडे बेफाम वाढून बाहेर लोंबत होती आणि डासांचा उच्छाद झाला होता. आपल्याकडे चार महिन्यांचा पाऊस, डेंग्यू आणि देखभालखर्चावरून सोसायटीच्या सभेत होणारी भांडणे लक्षात घेता मिलानपेक्षा चेंगदूचाच धडा आपल्या जवळचा आहे.

जपानमधल्या फुकुओकाच्या ‘अॅक्रोस’ या इमारतीबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. एमिलिओ अंबाझ यांची ही १९९५ सालची रचना. शहराच्या मध्यभागी, बागेला लागून असलेली जागा. एका बाजूने ती नेहमीसारखी कार्यालयीन इमारत दिसते, पण बागेच्या बाजूला तिचा सगळा उतार पायऱ्यापायऱ्यांच्या गच्च्यांचा केला आहे आणि त्यावर आता दाट झाडी आहे. लावलेल्या झाडांत पाखरांनी आणलेल्या बियांची भर पडली. तिथेही मातीखाली काँक्रीटच आहे, म्हणजे माझ्या कसोटीचा पहिला भाग ती पार करत नाही. तरी मी तिला वरचे स्थान देईन, कारण त्या पायऱ्या चढून कोणीही वर जाऊ शकतो. बागेशेजारची जागा घेतली आणि बागच वर वाढवून लोकांना परत दिली. मिलानची झाडे रस्त्यावरून बघायची असतात.

इमारत आणि जमीन यांचे नाते सर्वांत खोलवर समजलेला आपल्या शेजारचा वास्तुकार म्हणजे श्रीलंकेचे जेफ्री बावा. दांबुल्लाजवळचे कंदलामा हॉटेल त्यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बांधले. मुळात जागा सिगिरियाच्या खडकाजवळ सुचवलेली होती. बावांनी ती नाकारली आणि कित्येक किलोमीटर दूर, जुन्या कंदलामा तलावाच्या काठचा कडा निवडला. सिगिरिया तिथून लांबवर, पाण्यापलीकडे दिसतो. इमारत कड्याला धरून लांबच लांब पसरते. ती खांबांवर उभी आहे, त्यामुळे डोंगरावरून येणारे पाणी तिच्याखालून तलावाकडे जाते. आत शिरताना खडक भिंतीतून बाहेर आलेला दिसतो. तो फोडून सरळ रेषा काढण्याऐवजी मार्गिकाच त्याला वळसा घालते. बाहेरच्या लाकडी चौकटींवरून वेली इतक्या उतरल्या आहेत की दुरून इमारत ओळखू येत नाही. इथे झाडे शोभेला लावलेली नाहीत. पाणी, खडक आणि उतार यांनी आधी आपापल्या जागा घेतल्या आणि उरलेल्या जागेत इमारत बसली. आणि तरीसुद्धा या हॉटेलला त्या काळी स्थानिकांनी, भिक्खूंनी, पर्यावरणवाद्यांनी विरोध केला होता. पंचतारांकित पाहुण्यांसाठी तलावाकाठचे रान का द्यायचे, हा त्यांचा प्रश्न बावांच्या प्रतिभेने सुटत नाही. उत्तम रचना हा चुकीच्या गरजेचा बचाव होऊ शकत नाही.

म्हणून सगळ्यांत जास्त शिकायचे ते नवी मुंबईतल्या बेलापूरकडून असे मला वाटते. चार्ल्स कोरिया यांनी प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्याबरोबर १९६०च्या दशकात नवी मुंबईची कल्पना मांडली, पुढे ते हे शहर उभारणाऱ्या सिडकोचे मुख्य वास्तुविशारद झाले. बेलापूरची वसाहत, जिला लोक आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात, ती १९८३ ते ८६ या काळातली. पारसिकच्या टेकड्यांचा पायथा, जागा सुमारे सहा हेक्टर, कुटुंबे साडेपाचशे. म्हणजे हेक्टरी शंभराच्या आसपास घरे, आणि तीही बैठी किंवा एकमजली. लिफ्ट नाही, पोडियम नाही.

मांडणी अशी. सात घरे एका चौकाभोवती. चौक साधारण आठ मीटर लांब आणि तेवढाच रुंद, म्हणजे लहान पोर खेळत असेल तर कुठल्याही दारातून दिसावे एवढा. असे तीन गट मिळून एकवीस घरांचे थोडे मोठे आवार, आणि अशा आवारांचे पुन्हा गट. या सगळ्याच्या मधून एक पावसाळी ओढा जातो. टेकडीचे पाणी त्यातूनच उतरते. तो बुजवला नाही की पाइपात कोंबला नाही; वसाहतीच्या मोकळ्या जागाच त्याच्या अनुषंगाने लावल्या. प्रत्येक घराला स्वतःची उघडी जागा, आणि शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही. कुटुंब वाढले की गावातला गवंडी बोलावून खोली चढवता यावी म्हणून. मोठ्या आणि छोट्या घरांच्या प्लॉटमध्ये फार तफावतही ठेवली नाही. ‘द न्यू लँडस्केप’ या १९८५ सालच्या पुस्तकात कोरियांनी या विचाराची आर्थिक बाजू मांडली आहे: आपल्या हवेत अंगण, ओटा, गच्ची या दिवसातल्या आणि वर्षातल्या ठरावीक वेळी खोल्याच असतात, आणि त्यांना छप्पर घालावे लागत नाही. एका खोलीच्या गरीब घरालाही उघड्या आकाशाखालची दुसरी खोली मिळू शकते, फक्त तिची जमीन हिरावून घेऊ नका.

आज तिथे गेले तर मूळची पुष्कळ घरे ओळखू येत नाहीत. कित्येक पाडून त्या जागी काँक्रीटची मोठी घरे झाली आहेत, चौकांत गाड्या आल्या आहेत. यावरून प्रयोग फसला असे म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. घरे बदलावीत हे कोरियांच्या आराखड्यात धरलेलेच होते; सामाईक भिंती त्यासाठीच टाळल्या होत्या. चौकांची मांडणी इतक्या बदलांनंतरही ओळखू येते आणि वापरातही आहे. चुकले ते पुढे. हे उदाहरण हाताशी असताना त्याच नवी मुंबईत खाड्या, तळी आणि ओढे यांच्याकडे भरावाची जागा म्हणून पाहिले गेले.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की, ही चैन मुंबईसारख्या बेटावर परवडत नाही. आक्षेपात तथ्य आहे. दादर-परळला हेक्टरी शंभर घरे बांधून भागणार नाही. उंच जावेच लागेल. पण उंच जाणे म्हणजे काचेचा बंद डबा बांधणे असे कोणी ठरवले? याच कोरियांनी कंबाला हिलवर बांधलेली कांचनजंगा ही इमारत १९८३ साली पूर्ण झाली. २८ मजले, ३२ घरे. मुंबईत समुद्रावरचा वारा हवा तर घराचे तोंड पूर्व-पश्चिम ठेवावे लागते, पण दुपारचे ऊन आणि पावसाची झड त्याच बाजूंनी येते. जुने बंगले यावर व्हरांड्याचा उपाय करत, घराभोवती सावलीचा एक पट्टा ठेवत. कोरियांनी तोच व्हरांडा उंचावर नेला: प्रत्येक घराच्या कोपऱ्यात दोन मजले उंचीची उघडी गच्ची. तिथे कुंड्या असतील किंवा नसतील. वारा आत येतो आणि ऊन-पाऊस आत येत नाही. घरे श्रीमंतांची आहेत, हे खरेच. पण आरपार वारा यायला श्रीमंती लागत नाही, खिडक्या समोरासमोर लागतात. आज पुनर्वसनाच्या नावाखाली इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या राहतात की खालच्या मजल्यांवर भरदुपारी दिवा लावावा लागतो. हिरव्या वास्तुकलेची पहिली लढाई मी तिथे लढेन. तिथे एखादी भिंत वेलींनी सजवण्यापेक्षा दोन इमारतींमधले अंतर चार मीटरने वाढवले तर अधिक निसर्ग आत येईल.

इमारतींकडून नदीकडे गेले की आपली चूक अधिक मोठ्या मापात दिसते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मिठी नदी पात्राबाहेर आली. त्यावर आपले उत्तर काय, तर काठाने काँक्रीटच्या भिंती. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने किती घरे उद्ध्वस्त केली हे अरण्येश्वर-सहकारनगर भागातले लोक अजून विसरलेले नाहीत. तिथेही ओढ्याला भिंतींत बसवण्याचाच आग्रह. सिंगापूरने बिशान येथे नेमके उलट केले. कलांग नदीचा २.७ किलोमीटरचा सरळ काँक्रीटचा कालवा फोडला आणि २०१२ साली तिथे सुमारे तीन किलोमीटरचे वळणदार, मातीच्या काठांचे पात्र खुले केले. काठ पकडून ठेवायला दगड आणि झाडांची मुळे. कोरड्या दिवसांत लोक थेट पाण्यापर्यंत उतरतात. पाऊस वाढला की तीच बाग नदीचे पात्र होते, लोक वर येतात. सिंगापूरची जमीन बहुतांश सरकारच्या ताब्यात आहे, शासन कडक आहे, त्यांचे सगळे आपल्याला उचलता येणार नाही. पण नदीला फुगण्यासाठी जागा लागते आणि ती जागा एरवी बाग म्हणून वापरता येते, एवढे समजायला सिंगापूर व्हावे लागत नाही.

येत्या काही वर्षांत पुण्या-मुंबईत सर्वाधिक बांधकाम पुनर्विकासाचे होणार आहे. साठ-सत्तरच्या दशकांतल्या तीन-चार मजली सोसायट्या पाडल्या जातील. त्यांची वास्तुरचना सामान्य होती, पण आवारात माती होती. सभासदांनी लावलेले आंबे-नारळ तिथे चाळीस-पन्नास वर्षे वाढले आणि पावसाचे पाणी मुरले. सर्वसाधारण सभेत विकासकाला विचारले जाते ते कार्पेट एरिया किती वाढणार, कॉर्पस निधी किती, भाडे किती, पार्किंग एक की दोन. हे विचारावेच. त्याबरोबर तळघर हद्दीपासून किती आत राहणार, कुठल्या जुन्या झाडांभोवती खोदकाम होणार नाही, किती चौरस मीटर जमिनीखाली काहीच नसणार, प्लॉटवरचा पाऊस कुठल्या मार्गाने कुठे जाणार आणि स्वयंपाकघराची खिडकी कशावर उघडणार, हेही विचारावे. महापालिकेने परवानगीसाठी मागवायच्या नकाशांत जमिनीचा आणि पाण्याचा असा एक छेद सक्तीचा करावा, तो सोसायटीच्या फळ्यावर लागावा. तोपर्यंत सभासदांनीच तो मागायचा. विकासक ठरवण्याआधी मागितला तर मिळतो; करारनाम्यावर सह्या झाल्यानंतर तळघराची रेषा कोणी मागे घेत नाही.